आबांचं बारावं

माकड पडलं ते आबांच्या बाराव्याच्या आदल्या दिवशी, सकाळच्या पारी.

मी मागच्या पडवीत सूप घेऊन काळे वाटाणे निवडत होते. बाराव्याला आमच्याकडे वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं लागतं, आणि वाटाणे कितीही चांगले आणा, त्यात खडे निघतातच. आये चुलीजवळ वड्यांचं पीठ चाळत बसली होती.  आबा, माझे वडील, गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. भेटायला आलेल्या बायका माझ्या गळ्यात पडून रडायच्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची आणि मनात म्हणायची, वाटाणे आदल्या दुपारीच भिजत घालायला हवेत. मला कसलंच काही होत नव्हतं. हातपाय चालत होते, एवढंच.

"सत्यवान! खंय आसस रे? देव पडलो!"

अंगणाच्या कडेला दाजी गावकर उभे होते. दाजी म्हणजे आमच्या खांबलवाडीचे मुख्य मानकरी. त्यांच्या शब्दाबाहेर गावात कोणी जात नाही. सुतकाचं घर म्हणून ते अंगणात शिरले नाहीत, कडेवरूनच ओरडत होते.

"खंय पडलो?" माझा धाकटा भाऊ सत्यवान आतून धावत आला.

"देवळाच्या फाटी, काजीखाली. चल बेगीन."

आमच्या गावात माकड मेलं असं कोणी म्हणत नाही. देव पडलो असं म्हणतात. मारुतीचं गाव, त्यामुळे माकड म्हणजे घरचंच माणूस. ते पडलं की गुरवाने जायचं, त्याला मांडीवर घ्यायचं, हळदीच्या पाण्याने आंघोळ घालायची, नव्या पंचात गुंडाळायचं आणि खांद्यावरून नेऊन देवळामागे मूठमाती द्यायची. मागून सगळा गाव भजन म्हणत चालतो. हा मान फक्त गुरवाच्या घराचा. दुसऱ्या कोणी हात लावला तर गावावर कोप होतो अशी पक्की समजूत, आणि ती मोडायची कोणाची छातीही नाही. आणि गुरवाचं घर गावात एकच, आमचं.

महिन्यापूर्वी असंच एक माकड पडलं होतं. आबांनी त्याला मांडीवर घेतलं. आठवड्याभराने त्यांना ताप भरला, डोकं फुटायला लागलं, अंग असं दुखायचं की अंथरुणावरची सुरकुतीही टोचते म्हणायचे. मी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन आहे. त्यांचं रक्त मीच काढलं. सुई टोचली तेव्हा ते म्हणाले, "बाय, रगत काढूक शिकलंस गो, पण दुखवूक काय शिकाक नाय." मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि त्यांना गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. ते परत आले ते शववाहिकेतूनच. रक्ताचा निकाल पुण्याच्या प्रयोगशाळेतून कळला तेव्हा त्यांना अग्नी देऊन झाला होता. माकडताप. तोपर्यंत आमच्या बाजूच्या कुठल्याच गावात हा ताप आलेला नव्हता. तिकडे, नदीपलीकडे आहे, एवढंच आम्ही ऐकून होतो.

त्यानंतर आमचे डॉक्टर ठोंबरे घरी येऊन सगळं समजावून गेले होते. या तापाचा विषाणू गोचिडींतून येतो. जंगलातल्या बारक्या, तिळाएवढ्या गोचिडी. त्या चावल्या की माकडं पटापटा मरतात. माकड मेलं की त्याचं अंग गार पडतं, आणि मग त्याच्या अंगावरच्या सगळ्या गोचिडी खाली उतरतात आणि दुसरं गरम अंग शोधतात. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा आये आबांच्या फोटोकडे बघत होती. ते गरम अंग कोणाचं होतं हे कोणी विचारलं नाही.

आणि आता सत्यवान कोनाड्यातला नवा पंचा काढत होता. बाराव्याला भटजींना द्यायला आणलेला पंचा.

मी सूप खाली ठेवलं आणि दारात जाऊन उभी राहिले.

"तू जावचं नाय," मी म्हटलं.

"सर गो बाजूक."

"डॉक्टरांक फोन करतंय. ते येतले, जागेवर जाळतले. तू हात लावचो नाय."

"जाळतले? मारुतीक जाळतले?" त्याचे डोळे लाल झाले. बावीस वर्षांचा होता. दहाव्याला केस काढलेल्या डोक्यावर जेमतेम काळं दिसायला लागलं होतं. "आबांनी उचलल्यानी, आणि मी उचलूक नको? मग आबा कित्याक मेले, सांग माका. येड्यासारखे मेले?"

 हो म्हणावं तर आबांचा अपमान, नाही म्हणावं तर हा चालला मरायला. त्याने मला हलकेच बाजूला सारलं आणि तो निघाला. मी फोन लावत त्याच्या मागे पळाले. पळताना आयेकडे बघितलं. ती पीठ चाळतच होती.

काजूखाली माकड एका कुशीवर पडलं होतं. एक हात गालाखाली घेऊन पोरं झोपतात तसं. गाव जमला होता. कोणी फुलं आणली होती, कोणी टाळ. मी सगळ्यांना हात जोडून सांगत होते, लांब राहा, जवळ जाऊ नका. दोन-चार जण मागे सरले, तेही माझ्या बापाच्या मरणाकडे बघून. सत्यवान देवळाच्या पायरीवर पंचा घेऊन बसला होता. हळद उगाळून होईपर्यंत थांबायचं, एवढाच काय तो उशीर. मला एकच घोर होता, डॉक्टर आधी येतात की हळद आधी होते.

डॉक्टर आधी आले. जीपमधून दोन माणसं, फवाऱ्याचा पंप आणि पांढऱ्या पावडरीची पोती उतरली. डॉक्टर ठोंबरे तिकडचे, लातूरकडचे. पहिलीच नेमणूक, वय जेमतेम तिशीचं, आणि बोलताना हात फार हलवायची सवय.

"दाजी, नमस्कार. हे बघा, कोणीही पुढं यायचं नाही. आमची माणसं पूर्ण अंग झाकून नमुना घेतील, भोवती पावडर मारतील आणि इथंच दहन करतील. सन्मानानं करतील."

"डॉक्टर, तुमचा शिक्षाण मोठा," दाजी शांतपणे म्हणाले. "पण देव आमचो. तो कचऱ्यासारखो जळाचो नाय."

"कचऱ्यासारखं कोण म्हणतंय? मीही शनिवार करतो दाजी, मारुतीला तेल घालतो. पण या घडीला त्याच्या अंगावर शेकडो गोचिडी असतील. जो उचलेल त्याच्या अंगावर त्या चढणार. गुरवबुवांचं काय झालं ते तुम्ही बघितलंत ना?"

"नारायणाचा आयुष्य तेवढाच होता."

"आणि या पोराचं?"

दाजींनी पायरीवरच्या सत्यवानाकडे बघितलं. इथवर सगळं ठीक चाललं होतं, पण डॉक्टरांचा तोल गेला. "हे बघा, हात लावाल तर मला पोलिसांना बोलवावं लागेल," ते म्हणाले, आणि झालं. इतका वेळ चुळबुळ करणारी माणसं एकदम जवळ जवळ उभी राहिली. मागून कोणीतरी म्हणालं, "बोलवा. पोलीस काय देवापरास मोठो?" दाजींनी मान वळवली आणि हाक मारली, "सत्यवान, ये रे."

सत्यवान उठला. हळदीचं पाणी एका हातात, पंचा खांद्यावर. मी त्याचा हात धरला. त्याने झिडकारला नाही, नुसता चालत राहिला, आणि मी त्याच्याबरोबर ओढली गेले. मला वाटलं होतं मी ओरडेन, आकांत करेन. तसं काहीच झालं नाही. याचंही रक्त मलाच काढावं लागणार, एवढं एकच मनात येत होतं.

"दाजी."

आवाज पाठीमागून आला. आये देवळाच्या गडग्यापलीकडे उभी होती. दगडाचा तो गडगा म्हणजे देवळाची हद्द. तिचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले होते.

"मी हयसूनच बोलतंय. फुडे येवक जमाचा नाय. आमका सुतक आसा."

"होय वैनी," दाजी म्हणाले. ते आयेला मान द्यायचे. आबा आणि ते लहानपणापासूनचे सोबती.

"मग सुतकातलो माणूस देवाक हात लावता काय? ह्यो कसो गडग्याच्या भुतूर गेलो?"

 सत्यवान जागच्या जागी उभा राहिला. खरंच होतं ते. मीही आतच होते. सकाळी आमच्या अंगणात पाय न टाकणाऱ्या दाजींच्याही ते माकडाच्या गडबडीत लक्षात आलं नव्हतं. दाजींनी कपाळाला हात लावला.

"चुकला, वैनी. माझ्या ध्यानात रवाक नाय. पण उद्या बारावा. उद्या सुतक फिटता. आजची रात आमी राखण करतो, उद्या सत्यवान उचलीत."

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांना यातलं अर्धंच कळत होतं, पण 'उद्या' हा शब्द कळला आणि त्यांचा चेहरा पडला.

"उद्या बारावा नाय," आये म्हणाली.

"नाय म्हणजे?"

"करूचंय नाय. घोव माझो, बारावा माझ्या घरचा. मी घालीन तेव्हा."

"वैनी, काय बोलतंस ह्या?"

 आये डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टर, ह्यो ताप थांबता कधी?"

डॉक्टर गोंधळले. "म्हणजे... पावसाळा लागला, जमीन भिजली, की त्या गोचिडी कमी होतात. मग साथ ओसरते."

"मग तेव्हा घालीन बारावा. तवसर आमका सुतक. मान आमचो, आणि आमका सुतक. म्हणजे तवसर देवाक कोणीच हात लावचो नाय."

दाजींचा चेहरा मला अजून आठवतो. ते रागावले नव्हते. ते घाबरले होते. खाली आवाजात म्हणाले, "वैनी, बाराव्याशिवाय माणूस सुटना नाय. चार म्हयने नारायण खंय रवतलो?"

"रवतलो," आये म्हणाली. "माका ठावक आसा तो. रवतलो."

आणि ती मागे वळून घरी गेली.  गाव बोलणार काय? नियम त्यांचाच होता. सुतकाच्या घरावर गाव जबरदस्ती करत नाही, आणि दुसरा कोणी पुढे होईना. दाजी डॉक्टरांना म्हणाले, "करा तुमका काय करूचा ता."

डॉक्टरांच्या माणसांनी भोवती पावडर मारली. रांगोळीचं मोठं कडं काढावं तसं पांढरं वर्तुळ दिसायला लागलं. काजूचीच सुकी लाकडं रचली. धूर निघाला तेव्हा दाजींनी वर्तुळाबाहेर उभं राहून हात जोडले, मग सगळ्यांनी जोडले. कोणीतरी हळूच टाळ वाजवला. सत्यवानाने पंचा तिथेच टाकला आणि तो माझ्याकडे न बघता निघून गेला.

मी घरी आले. आये परातीत चाळलेलं पीठ पुन्हा डब्यात भरत होती. म्हणाली, "वाटाणे भरून ठेव. कीड लागात हां, कडूलिंबाचो पालो घाल."

मी पाला घातला. वाटाणे डब्यात भरले. डब्याचं झाकण लावलं.

पुढचे महिने कसे गेले ते सलग आठवत नाहीत. सुतकाचं घर म्हणून आमच्याकडे पाणीसुद्धा कोणी प्यायचं नाही. लग्नाची आमंत्रणं दारावरून जायची. मी केंद्रात जायचे, तापाची माणसं यायची, त्यांचं रक्त काढायचे, बर्फात घालून पुण्याला पाठवायचे. केंद्राची माणसं पांढऱ्या फलालीनचे तुकडे रानातल्या पाचोळ्यावरून ओढत फिरायची. त्या कापडाला चिकटलेल्या गोचिडी मी चिमट्याने उचलून बाटलीत भरायचे. डॉक्टर म्हणायचे, "गुरव मॅडम, रजा घ्या थोडी." मी म्हणायचे, घरी बसून काय करू? खोटं नव्हतं ते. घरी करण्यासारखं काही नव्हतं. सत्यवान आयेशी बोलत नव्हता. तो काजूच्या कामाला जायचा, जेवायला यायचा, ताटाकडे बघत जेवायचा आणि उठायचा. रानात जाताना अंगाला लावायचं औषधी तेल मी आणून ठेवलं होतं. त्याला तो हातही लावायचा नाही.

"तेल लाव रे," आये रोज म्हणायची. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. तो रानात गेला की ती उंबऱ्यात बसायची आणि तो परत येईपर्यंत तिचं कुठल्या कामात लक्ष नसायचं. हे मी बघत होते. पण मी आत कुठेतरी सुन्न झाले होते, तिच्याजवळ जाऊन बसावं असंही मला सुचायचं नाही.

गावात आणखी माकडं पडली. दर वेळी दाजी स्वतः डॉक्टरांना फोन करायचे. गाव पांढऱ्या कड्याबाहेर उभा राहून हात जोडायचा. काहींनी तर तेवढ्यात लसही टोचून घेतली, पुढच्या वर्षासाठी. आमच्या गावात आबांनंतर एका बाईला तेवढा ताप आला, ती बरी झाली. डॉक्टरांनी जिल्ह्याच्या बैठकीत आमच्या आयेची गोष्ट सांगितली. परत आले ते खुशीत. "गुरव मॅडम, तुमच्या आई म्हणजे कमाल बाई! गावाचा नियम गावावरच उलटवला. याला म्हणतात डोकं. साहेबांनी दोनदा सांगायला लावलं."

मलाही अभिमान वाटला. घरी येऊन मी आयेला सांगितलं, साहेब तुझं कौतुक करत होते. ती नुसती "बरा" म्हणाली आणि भाताचं पाणी वेळायला गेली.

शेजारच्या गावात मात्र एका पोराने माकड उचललं. त्यांच्याकडे सुतक नव्हतं. तो सत्यवानाचा कबड्डीतला जोडीदार. सत्यवान त्याला बघायला हॉस्पिटलात गेला आणि दोन दिवसांनी त्याला स्मशानात पोचवूनच आला. आल्यावर पायरीवर बसून राहिला. आये दारात उभी होती. तो म्हणाला, "आये, तेल दी गो." तिने बाटली आणली, त्याच्यापुढे बसली आणि लहान पोराला लावावं तसं त्याच्या पायांना तेल लावायला लागली. पोटऱ्या, घोटे, बोटांच्या मधल्या जागा. तो गपचूप लावून घेत होता. मी आतून बघत होते, आणि तेव्हाही मला रडू आलं नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी एके दिवशी केंद्रातलं काम लवकर संपलं. मी दिवेलागणीच्या आधी घरी पोचले. घरात आये नव्हती. मागच्या दाराने बाहेर आले, तर ती परसात, फणसाच्या खाली बसली होती. समोर पत्रावळीवर भाताचा गोळा, त्यावर थोडं दही, आणि शेजारी पाण्याचा तांब्या. ती कोणाशीतरी बोलत होती. मला वाटलं शेजारीण आली असेल. पण तिथे कोणी नव्हतं.

"आजून थोडे दिस कळ काढा," ती म्हणत होती. "तुमका घरात घेवक येना नाय, जावक सांगूक येना नाय. माका कळता. उन्हात उभे रवतास ता माका कळता. पण आपलो झील, सत्यवान, वाचाक होयो ना? ढग यायत आता. थोडे दिस."

मी एक पाऊल पुढे टाकलं. पायाखाली पाचोळा वाजला. तिने मागे बघितलं. लाजली नाही, दचकली नाही.

"इलंस? चाय टाक, येतंय."

"आये," मी म्हटलं, "ह्या रोज करतंस?"

"रोज."

"तुका खरांच वाटता, आबा..." 

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे? तुका काय वाटला होता?"

"माका वाटला, तू युक्ती केलंस. सत्यवानाक वाचवूक. गावाच्या नियमात गावाक धरलंस."

"युक्ती?" तिने तो शब्द असा उच्चारला, जणू आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. "गो बाय, तीस वर्सां माझ्या वांगडा संसार केललो माणूस चार म्हयने दारात उपाशी उभो आसा. माझ्यामुळे. आणि तुका ती युक्ती वाटली?"

 डॉक्टरांनी बैठकीत सांगितलेलं, साहेबांचं कौतुक, माझा अभिमान, सगळं तिथे परसात माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. आयेने डोकं चालवलं नव्हतं. गाव जे मानतो ते सगळं तीही मानत होती, कदाचित गावापेक्षा जास्तच. सुतक खरं होतं. आबांचं अडकून राहणंही तिच्यासाठी खरं होतं. आणि तरी तिने गडग्यापलीकडे उभं राहून, पिठाच्या हातांनी, गेलेल्या माणसापुढे जित्या पोराला निवडलं होतं. आबांना विचारायलाही वेळ मिळाला नव्हता. म्हणून रोज संध्याकाळी ती त्यांना समजावत बसायची.

ती उठली, पदर झटकला. "चाय टाक म्हटला ना."

मी आत गेले. आबांना दुधाचा चहा चालायचा नाही. कोरा लागायचा, आल्याचा, भरपूर गोड. मी दोन कप दुधाचे केले आणि एक कप कोरा. तो बाहेर नेऊन पत्रावळीच्या शेजारी ठेवला. मी या गोष्टी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते. आये बघत होती. त्या दिवसापासून भात ती ठेवायची आणि चहा मी.

पावसाळा सुरू झाला. पंधरा-वीस दिवस कुठे ताप नाही, कुठे माकड नाही, तेव्हा डॉक्टर स्वतः आमच्या घरी आले आणि अंगणाच्या कडेला उभं राहून म्हणाले, "आई, आता करा." त्यांनाही एव्हाना अंगणाच्या कडेला थांबायचं कळलं होतं. आयेने विचारलं, "नक्की?" ते म्हणाले, "नक्की." तिने हात जोडले.

डब्यातले वाटाणे चांगले राहिले होते. वडे झाले, सांबारं झालं. भटजी आले, दाजी आले, सगळा गाव पंक्तीला बसला आणि त्या महिन्यांत पहिल्यांदाच आमच्या घरचं पाणी प्याला. सत्यवानाने सगळं विधिवत केलं. संध्याकाळी माणसं पांगली. आये भांडी घासायला बसली. मी चुलीवर आधण ठेवलं, आलं ठेचलं, साखर जरा जास्तच घातली, आणि कोऱ्या चहाचा कप घेऊन मागच्या दाराने निघाले.

"खंय चाललंस?" आयेने विचारलं.

"आबांक."

तिने हातातलं ताट खाली ठेवलं. किती तरी दिवसांनी तिचा आवाज मऊ होता.

"आता नको गो बाय. गेले ते."

मी कप घेऊन दारातच उभी राहिले. फणसाखाली काही नव्हतं, पत्रावळ नाही, तांब्या नाही. नुसती ओली जमीन. कप कानाशिवायचा होता, जुना, आबांचाच. बोटं भाजायला लागली आणि मला कळलं की माझी बोटं भाजतायत. मी कप खाली ठेवला नाही. मग मी पायरीवर बसले आणि आबांना हाका मारून रडले, आबा गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, शेजारीपाजारी ऐकू जाईल असं. आये भांडी टाकून आली आणि माझ्याजवळ बसली. तिने मला गप्प केलं नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. सत्यवान देवळात पूजा करतो, त्याला दोन मुली आहेत. माकड पडलं की गाव अजून पांढऱ्या कड्याबाहेर उभा राहतो. गुरवाने हात लावायचा नाही असंच आता गावात मानतात, आणि का ते लहान पोरांना ठाऊकही नाही.

त्या संध्याकाळचा चहा शेवटी आम्ही दोघींनी मिळून प्यायला. गार झाला होता, आणि फार गोड होता.